मयुरीचं काम, माझं नाव

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. सांगायची वेळ आली नाही असं नाही, वेळा पुष्कळ आल्या. दर वेळी मी विषय बदलला. आज तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर — कदाचित आजही पावसापाण्याचंच बोललो असतो.

भंडाऱ्यात एका औषधाच्या दुकानाच्या वर आमचं सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस होतं. जिल्ह्यातल्या राईस मिलांसाठी आम्ही प्रोग्राम बनवायचो. धान किती आलं, ओलाव्यापोटी किती कापलं, भरडल्यावर तांदूळ किती, कनकी म्हणजे तुटलेला तांदूळ किती, कोंडा किती, असा सगळा हिशोब त्यात. मालक नागपूरला असायचे. त्यांना आम्ही साहेब म्हणायचो. ते तिथून उंटावरून शेळ्या हाकायचे आणि इथे त्यांची काठी माझ्या हातात होती. माझ्या हाताखाली तिघं — आशिष, निखिल आणि करडी गावाहून येणारी मयुरी.

सगळे एकाच प्रोग्रामवर काम करणार, म्हणून गिट वापरायचो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो — सगळ्यांचं काम एकत्र सांभाळायची ती व्यवस्था आहे. कोणती ओळ कोणी बदलली, कधी बदलली, सगळं नावानिशी राहतं. आणि प्रत्येक बदलासोबत एका ओळीचा मेसेज लिहायचा, की काय बदललं. इतकं साधं! पण या साध्या गोष्टीनं माझ्या डोक्याला किती ताप दिला म्हणून सांगू? आशिषचे मेसेज बघा — 'अपडेट'. 'अपडेट परत'. 'आता खरं अपडेट'. निखिलचा तर गिटवर विश्वासच नव्हता. तो रोज सगळ्या कामाची कॉपी करून नव्या फोल्डरमध्ये ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी चुकून जुन्या फोल्डरवर काम करायचा. दोघांनी एकच ओळ बदलली की गिट अडून बसतं. दोन्ही ओळी फाईलमध्ये ठेवतं, भोवती बाणांच्या खुणा करतं, आणि म्हणतं, आता तुम्हीच ठरवा. ठरवणार कोण? या पठ्ठ्यांनी एकदा बाणांसकट पावतीची फाईल मिलवर पाठवून दिली. मिलवाल्याचा फोन आला, "अहो, पावतीवर हे बाण कायले छापून राहिले? लोक मले पुसून राहिले, कोन्या बाजूनं जाऊ म्हणून!" मी त्याची माफी मागितली, फोन ठेवला, आणि दोघांना असं झापलं की खालचा दुकानदार वर येऊन बघून गेला.

पाहिलंत? मी पुन्हा त्या दोघांवरच घसरलो. त्यांच्यावर चिडायला सोपं जातं. सांगायचं आहे ते मयुरीबद्दल.

आशिष आणि निखिलकडे स्वतःचे लॅपटॉप होते. मयुरीकडे नव्हता. ती ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काम करायची. तो मीच तयार करून दिला होता. तयार कसला — माझ्या मशीनवरचं सगळं जसंच्या तसं त्याच्यावर उतरवलं आणि मोकळा झालो. गिटमध्ये माझं नाव भरलेलं होतं, तेही सोबत उतरलं. बदलायचं राहिलं. म्हणजे मयुरी जे काही करायची, ते माझ्या नावानं जमा होत गेलं. आता ही चूक होती, हे मला मान्य. पण चूक सांगायला मी बसलेलो नाही.

मला हे कळलं कसं, तर भांडणातूनच. ओल्या धानाच्या कपातीत काहीतरी भलतंच दिसत होतं. मी सगळ्यांसमोर ओरडलो, कोणत्या गाढवानं ही ओळ लिहिली? आणि गिटला विचारलं. गिटनं माझंच नाव दाखवलं. पोरं खो खो हसली. मयुरीनंही तोंडावर ओढणी धरली. पण मी ती ओळ लिहिलीच नव्हती! वर, नीट पाहिलं तर ओळ बरोबर होती, चुकलं होतं माझं वाचणं. मग मी मागचं सगळं चाळत गेलो. माझं नाव, माझं नाव, माझं नाव — आणि त्याच्यापुढचे मेसेज मात्र माझे नाहीत.

ते मेसेज कोणीही ओळखले असते. मयुरी घरच्या बोलीत लिहायची. 'कनकी कोंड्यात मिसळून राहिली होती, येगळी केली.' 'धुरा फुटला होता, बांधून टाकला.' धुरा म्हणजे शेताचा बांध. मिलचा एका दिवसाचा हिशोब दुसऱ्या दिवसात गळत होता, ते तिनं थांबवलं होतं. मी तिला यावरून कितीदा टोकलं असेल! इंग्रजीत लिही, हे काय शेत आहे? ती "हो सर" म्हणायची आणि उद्या पुन्हा तेच. मला भयंकर राग यायचा. खरं सांगू, कसला? आशिषच्या 'अपडेट'मधून काही म्हणता काही कळत नव्हतं, आणि हिच्या एका ओळीतून सगळं कळत होतं. आणि ती माझ्यापेक्षा चांगलं काम करत होती. हे मी आत्ता पहिल्यांदा लिहितोय.

मग त्याच दिवशी नाव का नाही बदललं? एका ओळीचं काम होतं. समोरचा चहा निवला नसता. पण मी म्हटलं, उद्या करू. पुढे एकदा तिलाच ते दिसलं. "सर, इथं तुमचं नाव काहून दिसते?" मी म्हणालो, मशीन माझ्या नावावर चढवली आहे, म्हणून. तिनं मान हलवली आणि कामाला लागली. गिट तिला मीच शिकवलं होतं. माझ्या शब्दावर शंका घ्यायचं तिला कारण काय?

त्यानंतर साहेबांचा फोन आला. ते नागपूरला बसून आमच्या कामाचा इतिहास वाचत होते आणि हसत होते. "धुरा फुटला होता म्हणे! अबे, काय लिहितो यार तू! अन् काम तर एकटाच ओढून राहिला." मी 'ते माझं नाही' म्हणायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. आणि त्यातून हसू बाहेर आलं. साहेब म्हणाले, तू नागपूरला ये, सगळं तुझ्याकडेच देतो. मी "बघू साहेब" म्हणालो, जसं काही मला उपकारच करायचे होते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो असाच बसत असेल — आधी नुसता टेकायला.

पुढे काम कमी झालं. काही मिलवाले दुसरीकडे गेले. साहेब म्हणाले, एकाला कमी करावं लागेल. त्यांनी गिट उघडलं. आशिषच्या नावावर ढीगभर अपडेट. निखिलच्या नावावर थोडंफार. मयुरीच्या नावावर — काहीच नाही. अर्थातच काही नाही! साहेब चिडले. ही पोरगी इतके दिवस करते काय? त्यांनी मला सरळ विचारलं. ती करते काय?

इथे थांबून मी पुन्हा आशिषला दोन शिव्या घालू शकतो. पण थांबत नाही.

मला सगळं माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं — साहेब, ते मेसेज तिचे आहेत. तेवढ्यानं तिची नोकरी राहिली असती. माझं काय गेलं असतं? नागपूर गेलं असतं. थोडी फजिती झाली असती. इतकंच. मी म्हणालो, "शिकून राहिली आहे, साहेब. जरा स्लो आहे."

हे मी म्हणालो. कोणी माझ्याकडून वदवून घेतलं नाही.

तिला सांगायचं कामही माझ्याकडेच आलं. तिनं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "सर, माझं काम चांगलं नव्हतं काय?" साहेबांचा निर्णय आहे, एवढं म्हणून मला सुटता आलं असतं. तेही मी म्हणालो नाही. मी म्हणालो, मेहनत थोडी कमी पडली. का म्हणालो? मला वाटतं, एकदा तिनंही ते मानलं की ते खरं होऊन जाईल, असं काहीतरी माझ्या डोक्यात असावं. लाज वाटते. तेव्हाही वाटत होती, आणि तरी मी म्हणालो. ती डबा पिशवीत घालून निघाली, जाताना निखिलला म्हणाली की पावतीचं काम अर्धं राहिलं आहे, नीट बघजो. तिच्या कॉम्प्युटरवर दुसरं कोणी बसायच्या आधी मी त्याच्यावरचं माझं नाव काढून टाकलं.

मी नागपूरला गेलो. आता माझ्या हाताखाली बरीच माणसं आहेत. नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी स्वतःचं नाव भरायला लावतो आणि मागे उभा राहून बघतो. नाही भरलं तर इतका चिडतो की पोरं एकमेकांकडे बघतात.

गेल्या महिन्यात एका लग्नासाठी वरठीला, म्हणजे भंडाऱ्याच्या स्टेशनवर, उतरलो. स्टेशनबाहेर मयुरी भेटली. सोबत नवरा होता, मोटारसायकलवर, पोलादाच्या कारखान्यात ड्युटीला निघालेला. मला ओळख दाखवू नये असं वाटत होतं, पण तिनंच हाक मारली. नवऱ्याला म्हणाली, "हे आमचे सर. मले कॉम्प्युटरचं सारं यायनंच शिकवलं." त्यानं गाडीवरून उतरून नमस्कार केला. मी विचारलं, आता काय करतेस? तिनं सांगितलं की ते काम तिनं पुन्हा केलं नाही, कुठे विचारायलाही गेली नाही. "मलेच नाही जमलं न, सर. तुमी होते म्हणून तेवढे दिवस तरी निभले."

आजूबाजूला ऑटोवाले ओरडत होते. मला कसलीच घाई नव्हती, लग्नालाही वेळ होता. ती माझ्याकडे बघत उभी होती.

मी म्हणालो, "होतं असं. सगळ्यांनाच नाही जमत."