एकाच फडक्यानं पुसलेले डोळे

माझ्या धाकट्या जावेला गल्लीत सगळे फडकंबाई म्हणतात. पाठीमागं म्हणतात, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. उभा जन्म तिनं दवाखान्याच्या धोबीखान्यात काढला, आजाऱ्यांच्या चादरी नि उशांचे अभ्रे धुण्यात. नोकरी सुटली, पण हातातलं फडकं सुटलं नाही. तिच्याकडं बसायला जावं, तर आपण उठायच्या आत ही खुर्ची पुसायला उभी. मी एकदा म्हटलं, "अगं, मी अजून बसलेय, मला पण पुसून घे." तर बाईनं खरंच माझा चष्मा काढून पुसला.

तिचा नवरा म्हणजे माझा धाकटा दीर. बस चालवायचा. बोलायला लागला की गाडी थांब्यावर थांबायची नाही, असा माणूस. एके सकाळी दाढी करता करता अर्धं अंग लुळं पडलं. जीव वाचला, हातपाय थोडेफार परत आले, वाचा तेवढी अडकून बसली. घशातून नुसता आवाज निघायचा. व्यायाम शिकवणारा घरी यायचा, सांगायचा, "चाला हो, नाहीतर हा पाय आखडून बसेल, मग कायमची खाट." भाऊजी भिंतीकडं तोंड करून पडायचे.

त्यांच्या बसवरचा जुना कंडक्टर एक दिवस खोक्यात तीन बदकं घेऊन आला. त्याला घर बदलायचं होतं आणि नव्या घरमालकाला पक्षी चालत नव्हते. जाऊ दारातच आडवी आली. "इथं नको. घाण करतात." तेवढ्यात खोक्यातून एकीनं असा काही गळा काढला, की खाटेवर भाऊजींनी मान वळवली. किती महिन्यांनी वळवली असेल! जाऊ बाजूला झाली.

दुसऱ्या दिवशी भाऊजी काठी घेऊन भिंत धरत मागच्या अंगणात गेले आणि मूठभर दाणे टाकले. मग ते रोजचंच झालं. बदकांची नावं आम्हीच पाडली. खादाड ती जाडी, बडबडी ती कटकटी, आणि सगळ्यांच्या मागं राहायची ती लाजरी. व्यायामवाला हसून म्हणाला, "माझ्यापेक्षा हुशार माणसं ठेवलीत तुम्ही. आता मी कशाला येऊ?"

अंगणात एक जुना टब होता, त्यात तिघी डुंबायच्या. पाणी उडायचं, चिखल व्हायचा, घाण तर विचारूच नका. एक दिवस जाऊन बघते तर टब गायब! अंगणभर गुळगुळीत फरशी, वर फिनेलचा वास, आणि बदकांपुढं एक उथळ ताटली. त्यात बोटभर पाणी.

"अगं, बदकांना ताटलीत पाणी? उद्या चमचा देशील."

ती हसली नाही. एरवी माझ्या एका टोमण्याला दोन परत करणारी बाई, पण त्या दिवशी ताटली उचलून पुन्हा घासायला लागली.

काही आठवड्यांत लाजरीच्या डोळ्यांत फेस दिसायला लागला, साबण गेल्यासारखा. ती डोळा आपल्याच पाठीला घासायची, त्यामुळं तिथली पिसं चिकट झाली. जावेनं औषध सुरू केलं, म्हणजे काय, तर सकाळ-संध्याकाळ मिठाचं कोमट पाणी आणि फडकं. पुसून पुसून डोळे स्वच्छ करी, तरी दुसऱ्या दिवशी पापण्या पुन्हा चिकटलेल्या. मग जाडीला झालं. मग कटकटीला. त्यात तिघी खाजवायला लागल्या, पिसं विस्कटली, छातीचं हाड हाताला लागायला लागलं. एका सकाळी भाऊजी दाणे घेऊन गेले, तर लाजरी कोपऱ्यात मान टाकून पडलेली. राहिलेल्या दोघी दाण्यांच्या आवाजावर धावल्या आणि भिंतीवर जाऊन आपटल्या.

भाऊजी दाण्यांची वाटी तिथंच ठेवून आत आले. ते जे भिंतीकडं तोंड करून निजले, ते उठेनात. जेवण खाटेवर, सगळं खाटेवर. व्यायामवाल्याला पुन्हा बोलावलं. त्यानं गुडघा हलवून बघितला आणि जावेला बाहेर घेऊन सांगितलं, "असेच पडून राहिले, तर मग मला बोलावून उपयोग नाही."

ती तशीच माझ्याकडं आली. "जाऊबाई, चला. जनावरांच्या डॉक्टरणीकडं जायचंय. एकटीनं दोन बदकं धरवत नाहीत."

कपड्यांच्या टोपलीत दोघींना घातलं, वर चादर बांधली. तिथं ओळीनं कुत्री बसलेली. कटकटीनं चादरीखालून भांडण सुरू केलं, कुत्र्यांनी उत्तरं दिली. एकजण म्हणाला, "आजी, टोपलीत सून आहे का हो?" मी म्हटलं, "सून असती तर एवढी हळू बोलली नसती."

डॉक्टरीण तरुण होती आणि तुटक बोलायची. तिनं जाडीचा डोळा उघडून बघितला. "पाणी कशात देता?"

"ताटलीत. रोज दोनदा घासते," जाऊ म्हणाली.

"डोकं बुडतं त्यात?"

"प्यायला डोकं कशाला बुडवायचं?"

"प्यायला नाही, डोळे धुवायला. बदक पाण्यात डोकं घालून डोळे नि नाकपुड्या धुतं. ते बंद केलंत की घाण आत साठते. आणि फिनेल वापरता ना? तुमच्या हाताला येतोय वास. त्यानंही डोळे झोंबतात त्यांचे."

"पण मी पुसते की! रोज!"

"कशानं?"

जावेनं कमरेचं फडकं काढून दाखवलं. पांढरंशुभ्र. "रोज संध्याकाळी उकळते."

"संध्याकाळी उकळता. सकाळी एकीचा डोळा पुसून त्याच फडक्यानं दुसरीचा पुसता का?"

जावेनं फडकं मुठीत गोळा केलं. धोबीखान्यात एका खाटेची चादर दुसऱ्या खाटेच्या गठ्ठ्यात पडली, तर मुकादमाच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी ही बाई. बदकाला खाट नसते, म्हणून तिच्या ध्यानात आलं नसेल. मी तिच्याकडं बघितलंच नाही, जाडीचे पाय धरून बसले.

डॉक्टरणीनं पिसं उलटी करून दाखवली. बारीक, पिवळट उवा सैरावैरा पळत होत्या. "आंघोळ नाही, चोच फिरवून पिसं साफ करणं नाही, मग हे होणारच." जाऊ म्हणाली, "माझ्या घरात उवा?" तिला कुणी चोर म्हटलं असतं तरी बरं वाटलं असतं. विष्ठा काचेवर घेऊन तपासली, तर पोटात जंतही निघाले. जंतांचं औषध पाण्यातून, उवांचं मानेमागं कातडीवर थेंब, डोळ्यांत घालायचं मलम वेगळं. "वजनावर देतेय, मनानं वाढवू नका. प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस, पुसला की फेकायचा. मी सांगेपर्यंत अंडी खायची नाहीत. या जाडीचे डोळे वाचतील. या दुसरीचा डावा गेलाच म्हणा. उजव्याचं आत्ताच काही सांगत नाही. आणि टब आजच्या आज ठेवा."

"टब नाही ठेवणार," जाऊ म्हणाली.

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. "मग औषध कशाला नेता?"

तेव्हा कुठं तिचं तोंड उघडलं. "हे त्या टबापाशी घसरून पडले होते. काठी लांब उडालेली, पाठ चिखलात. त्यांना हाक मारता येत नाही हो. मी आत कपडे वाळत घालत होते, कितीतरी वेळ. ही बदकं ओरडायला लागली म्हणून बाहेर आले. फरशी घालून घेतली, टब उचलला. कोरडं ठेवलं की पडणार नाहीत. आता तुम्ही म्हणता पाणी ठेवा. मी डोळे सांभाळू का माणसाचं हाड सांभाळू?"

डॉक्टरणीनं औषधाची चिठ्ठी पुढं सरकवली. मग म्हणाली, "त्याला माझ्याकडं औषध नाही, आजी."

टोपली घेऊन आम्ही घरी आलो. आल्या आल्या तिनं हातोडा घेतला आणि अंगणाच्या टोकाच्या कोपऱ्यातल्या फरश्या फोडायला सुरुवात केली, पाणी सरळ मातीत मुरावं म्हणून. शेजारीण कुंपणावरून बघत राहिली. "काय हो, तुमच्या अंगणात चिखल?" जाऊ म्हणाली, "हो. हवाय का थोडा?" टब तिकडं ठेवला. दारापासून तिथवर खरखरीत काथ्याची पायपुसणी अंथरली आणि चादरी वाळत घालायची जाड दोरी कमरेइतकी ताणून बांधली, हाताला धरायला.

मलम घालायचं काम आम्ही दोघी करायचो. जाडीचं झालं की हात साबणानं धुवायचे, मग कटकटी. कटकटीनं दोनदा माझ्या मांडीवर प्रसाद ठेवला. जाडीच्या पापण्या हळूहळू सुटल्या, टबात डोकं घालून ती पाणी झटकायला लागली. कटकटीचा डावा डोळा पांढरा पडला तो पडलाच. उजवा अर्धा उघडा.

भाऊजी मात्र येईनात. टबातला आवाज त्यांच्या खोलीत जात होता. मी ऐकलं, जाऊ खाटेशी उभी राहून सांगत होती, "अहो, त्यांचे डोळे मी घालवले. मला काय शिव्या द्यायच्या त्या मनात द्या. पण उठा."

मलम चालू असतानाच एका सकाळी ते दारात आले. कृश झाले होते, पाय फरफटत होता. एका हातात दोरी, दुसऱ्या हातात काठी, दाण्यांची पुडी खिशात. जाऊ दोन हात पुढं करून मागं मागं, पण हात लावत नव्हती. दोरीच्या टोकाशी ते थांबले आणि काठी काखेत धरून दाणे टाकले. ते पडले कटकटीच्या डाव्या अंगाला. तिला दिसलेच नाहीत. ती रिकाम्या मातीत चोच मारत राहिली आणि जाडीनं सगळं फस्त केलं.

भाऊजी बघत राहिले. मग त्यांनी दोरी सोडली.

"अहो!" जाऊ पुढं झाली. मी तिचा दंड धरला.

"सोडा मला, पडतील ते!"

"थांब जरा."

पुढं पायपुसणं नव्हतं, ओली माती होती. काठी रुतत होती, ते ती उपसून पुढं टेकवत होते. टबाला वळसा घालून ते कटकटीच्या उजव्या अंगाला गेले, तिला दिसेल असे. घशातून तो आवाज काढला. कटकटीनं मान तिरकी केली आणि त्यांच्या पायाशी आली. त्यांनी मूठ उघडली.

जावेचा दंड मी अजून धरूनच होते. तिकडं दाणे संपले, आणि त्यांना अजून परत यायचं होतं.