अल्वार हापालाची चाळणी

आमच्या खोऱ्यातल्या छोट्या नाटकगृहात मी बावीस उन्हाळे खलनायक होतो. मिशी पिळायची, विधवेच्या घरावर टाच आणायची आणि शेवटच्या अंकात गोळी खाऊन पडायचं. ती गोळी झाडायचा अल्वार हापाला. प्रेक्षकांना तो कधीच दिसला नाही. नायक पिस्तूल रोखायचा आणि विंगेत अल्वार गोळी नसलेलं, नुसत्या बाराचं काडतूस उडवायचा. एका खेळाला ते काडतूस उडालंच नाही. नायक हात लांब करून उभा, मी छाती पुढे काढून उभा. सगळं थिएटर गप्प. मग विंगेतून एक घोगरा आवाज आला, "ठो!"

मी पडलो. तेवढा हशा मला पुन्हा कधी मिळाला नाही, आणि तो माझा नव्हताच.

अल्वारने तीस वर्षं आयडाहोच्या या खोऱ्यात, जमिनीखाली शिशाच्या खाणीत काढली. खाण बंद पडली, पुढे नाटकगृहही. त्याची बायको एल्ना गेली. उरला शनिवार. दर शनिवारी गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत आमचा नेमबाजीचा क्लब जमायचा आणि अल्वार बापाची जुनी रायफल घेऊन यायचा. बापाने ती युद्धावरून आणलेली. अर्धस्वयंचलित, म्हणजे एक गोळी सुटली की तिच्याच धुराच्या जोरावर पुढचं काडतूस आपोआप आत सरकतं. त्या धुरासाठी नळीला बारीक भोक असतं. वादाचं मूळ ते भोक.

अल्वार गोळ्या स्वतः ओतायचा. गाडीच्या चाकांची जुनी शिशाची वजनं मागच्या शेडमध्ये भट्टीवर वितळवायची आणि साच्यात ओतायची. नुसत्या शिशाचा कीस निघतो, वर लावलेलं मेण जळतं, आणि ते भोक बुजतं. मग रायफल अडायची.

"अडली का पुन्हा?" डेल्बर्ट ओरडायचा. हा आमच्या क्लबचा सेक्रेटरी आणि फाटक्या तोंडाचा माणूस. "अरे म्हाताऱ्या, तांब्याचा मुलामा दिलेल्या गोळ्या मिळतात दुकानात. चकचकीत. तुझी रायफलसुद्धा तुला हात जोडेल."

"ती गोळी म्हणजे विकतचा पाव," अल्वार म्हणायचा. "दिसायला पाव, चवीला कापूस."

"आणि तुझी?"

"माझी माझ्या हातची आहे."

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्याच्या तोंडाला त्याची मुलगी कोरीन घरी राहायला आली. वय अडतीस, चौथा महिना. आधीची दोन पोटातच गेलेली. नवरा तेलाच्या विहिरींवर, दूर डकोटात. इथे निदान बाप होता आणि दवाखाना जवळ. आमच्या खोऱ्यात, जुन्या खाणीमुळे, गरोदर बाईचं रक्त शिशासाठी तपासतातच. कोरीनचा आकडा आला सहा. फार नाही, पण पोटातल्या बाळासाठी नको तेवढा.

त्या दुपारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात सूप पीत होतो. अल्वारने टेबलावर दोन गोळ्या उभ्या केल्या. एक राखाडी, त्याची. एक तांबूस, डेल्बर्टने कधीतरी चिडवायला खिशात कोंबलेली.

"हिच्या आतही शिसंच आहे," तो म्हणाला. "पण ते झाकलेलं. वितळवायला नको, हाताला लागायला नको."

"डॅड, तू नेमबाजी सोड असं मी म्हणत नाही."

"म्हणालीस तर आत्ता सोडतो."

"नको बाई. शनिवारी तू घरात बसलास तर मलाच वेड लागेल." ती हसली. मग पोटावर हात ठेवून म्हणाली, "हे एवढं नीट होऊ दे. बाकी तू ठरव."

त्याने राखाडी गोळी उचलून माझ्या सूपच्या वाटीशेजारी ठेवली. "खलनायका, ही तुला. आठवण."

आठवड्याभरात भट्टी गेली, त्याच्या थोरल्या भावाने दिलेले गोळ्यांचे साचे गेले, शेड धुऊन लख्ख झाली. शनिवारी चकचकीत गोळ्यांनी रायफल एकदाही अडली नाही. डेल्बर्टने टोपी काढून कमरेत वाकून नमस्कार केला. अल्वार हसला नाही, पण पूर्वीपेक्षा जास्त गोळ्या झाडू लागला.

आता इथे जे घडलं ते नीट सांगायला हवं. गोळी उडाली की पितळेची पुंगळी उरते. आम्ही ती वेचून घरी आणतो, साफ करतो, पुन्हा भरतो. साफ करायला एक घरघरणारं भांडं असतं. त्यात अक्रोडाच्या टरफलांचा भुगा घालून पुंगळ्या तासभर घोळवायच्या, मग भुगा चाळून टाकायचा. हे भांडं शेडमध्ये असायचं. पण शेडला ऊब होती ती भट्टीची. भट्टी गेली आणि शेड गोठली. अल्वारचे सांधे थंडीत धरायचे. त्याने भांडं उचलून घरात आणलं, कपडे वाळवायच्या यंत्राशेजारी. शेडमधली तारेची चाळणी भट्टीबरोबरच देऊन टाकलेली. स्वयंपाकघरात खिळ्याला एल्नाची चाळणी होती. तो ती घ्यायचा, चाळायचा, साबणाने धुवायचा, पुन्हा खिळ्याला लावायचा. नीटनेटका माणूस.

त्याच चाळणीने कोरीन रविवारी वेलदोड्याच्या पावाचं पीठ चाळायची. आईसारखा पाव.

पुढच्या महिन्यात आकडा आला सतरा.

"भट्टी नाही, काही नाही, मग येतंय कुठून?" अल्वार मला विचारत राहिला. त्याने नळाचं पाणी तपासायला दिलं, खिडक्यांचा जुना रंग खरवडून काढला. शेवटी आरोग्य खात्याची बाई आली. तिने शेड पाहिली आणि म्हणाली, छान ठेवलीय. मग कपड्यांच्या खोलीत आली. अल्वारने अभिमानाने भांड्याचं झाकण उघडलं. काळी बारीक धूळ वर उडाली, खिडकीच्या उन्हात तरंगली. तिने झटकन झाकण लावलं.

"काडतुसाच्या बुडाला ठिणगी पाडणारी टिकली असते ना, मिस्टर हापाला? तिच्यात शिसं असतं. ते या भुग्यात उतरतं. गोळी कुठलीही असो." मग तिने विचारलं, "हे चाळता कशाने?"

अल्वार स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिला. दारात कोरीन उभी होती, हात पिठाने पांढरे. तिने खिळ्याकडे पाहिलं, मग बापाकडे.

त्याच संध्याकाळी ती माझ्या बहिणीकडे राहायला गेली. जाताना म्हणाली, "डॅड, तू मुद्दाम नाही केलंस." तो म्हणाला, "मुद्दाम केलं असतं तर कुणीतरी मला थांबवलं असतं."

फेब्रुवारीत, सातव्या महिन्यात, मूल गेलं. मुलगी होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की कशामुळे ते कुणीच ठामपणे सांगू शकणार नाही. त्यांनी ते दयेने सांगितलं. अल्वारला ते शिक्षेपेक्षा वाईट वाटलं.

पेटी बुटांच्या खोक्याएवढी होती. ती त्याने स्वतः केली, नाटकाच्या सेटच्या उरलेल्या पाइनच्या फळ्यांची.

बर्फामुळे मध्ये बंद असलेला क्लब एप्रिलमध्ये पुन्हा सुरू झाला. पहिल्या शनिवारी अल्वार रायफलशिवाय आला. हातात चाळणी होती, प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून. उभं आयुष्य विंगेत काढलेला माणूस आमच्या सगळ्यांच्या समोर येऊन उभा राहिला. मी आपसूक एक पाऊल पुढे गेलो, जसा सहकलाकार अडला की जातो. त्याने हाताने मला थांबवलं.

त्याने सगळं सांगितलं. भट्टी, शेड, भांडं, खिळा, पाव. एकही शब्द गाळला नाही.

"ओतीव वापरा की मुलाम्याची, मी त्यावर तीस वर्षं भांडलो," तो म्हणाला. "आपलं भांडण गोळीवर होतं. पुंगळ्या कुठे साफ करतो, हे आपण एकमेकांना कधी विचारलंच नाही. आज विचारतोय. भांडं कुणाच्या घरात आहे?"

कुणी हात वर केला नाही.

डेल्बर्ट मात्र गर्दीतून मागे सरकला, आपल्या गाडीपाशी गेला आणि घरी बायकोला फोन लावला. त्याला हळू बोलता येत नाही, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"मी बोलतोय. ऐक, तळघराचं दार बंद कर. नातवंडं कुठे आहेत? त्यांना वर घे. नाही, काही झालं नाही. आणि ती चाळणी... हो, तीच, मी खाली नेतो ती. तिला हात लावू नकोस. अगं, का ते विचारू नकोस ना, मी येतोय."