बिट्टू कुणाला चालेल?

जनावरांच्या दवाखान्यात औषधांचे रिकामे खोके फार साठतात. ते भंगारवाला नेतो. किस्से मात्र कुणी नेत नाही, ते माझ्याकडेच पडून राहतात. शहाद्यात माझी प्रॅक्टिस गायी-म्हशींची, पण सगळ्यात जास्त किस्से एका वीतभर कुत्र्याचे आहेत.

बिट्टू टेरियर जातीचा. पांढरा, एका कानावर तपकिरी डाग. त्याच्या मालकांची बदली झाली आणि ते त्याला माझ्याकडे सोडून गेले. म्हणाले, चांगलं घर बघा. मी ठरवलं, ज्याला हवा त्याने आधी थोडे दिवस सांभाळून बघायचा, मग हो म्हणायचं. ही जात दिसायला खेळणं असते, पण दिवसभर पळते, भुंकते आणि उकरते. हे मी प्रत्येकाला सांगत होतो. ऐकत कुणीच नव्हतं.

*

पहिले आले ब्राह्मणपुरीचे अण्णा पाटील. त्यांना शेतावर राखणीला कुत्रा हवा होता. बिट्टूला बघून म्हणाले, "हाऊ मन्ही राखन करी, का मी यानी करू?"

तरी घेऊन गेले. त्याने पपईच्या बागेत उंदरांची बिळं शोधून काढली आणि झाडांच्या मुळांपर्यंत उकरत गेला. अण्णा स्वतः त्याला परत घेऊन आले. रागावलेले नव्हते.

"खड्डा झकास खंदस," म्हणाले. "पन मन्ही लागवड व्हई गई. पुढला साल धाडा."

*

मग बोरसे सर आणि मॅडम. दोघं शिक्षक, दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. मी बजावलं की याला सकाळ-संध्याकाळ फिरवावं लागेल, नाहीतर घर डोक्यावर घेईल. सर हसून हो म्हणाले. फिरवायचं काम आपल्याकडे येणार, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं नसावं.

पुढच्याच आठवड्यात सरांचा फोन आला, आवाज एकदम हळू. या जातीला फ्लॅट चालत नाही, असं तुम्हीच मॅडमना सांगा, म्हणाले.

मागून मॅडमचा आवाज आला, "त्याला फ्लॅट चालतो हो डॉक्टर. सरांनाच चालवत नाही."

*

रफीकभाईंचं फर्निचरचं दुकान. घरात कुत्रा चालणार नव्हता, पण गोदामात एका उंदराने उच्छाद मांडला होता. टेरियर म्हणजे उंदरांचा काळ, हे मीच त्यांना सांगून बसलो.

दोन दिवसांनी बिट्टूला काखेत धरून ते दवाखान्यात आले. अंगाला कापूस आणि फोम चिकटलेला. कुत्र्याच्याही आणि त्यांच्याही.

"उंदीरनी एक सोफा फाडेल व्हता," ते शांतपणे म्हणाले. "त्याले शोधता शोधता यानी तीन फाडात."

*

आता मला काळजी वाटू लागली. बिट्टूही दारात कुणाची गाडी थांबली की शेपूट हलवणं सोडून टेबलाखाली जाऊन बसायचा.

तेवढ्यात सुरतहून एकाचा फोन आला. त्याचे आईवडील, माई आणि आप्पा, प्रकाशा गावी राहतात. आप्पा एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. मुलाकडे सुरतला राहायला जायचं, असं माईचं म्हणणं. गाव सोडायचं नाही, असं आप्पांचं. त्यावरून दोघांनी एकमेकांशी बोलणंच बंद केलं होतं. मुलगा म्हणाला, घरात काहीतरी हलतं-बोलतं पाहिजे. हे कुत्रं म्हाताऱ्या माणसांचं नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. पण आप्पा रोज तापीपर्यंत चालत जातात म्हणाला, म्हणून नेऊन सोडला.

काही दिवसांनी गेलो ते परत आणायच्याच तयारीने. गाडी बघून बिट्टू भुंकत आला. माई दारातून त्याला म्हणाल्या, "बिट्टू, तुन्हा आप्पाले सांग, डॉक्टर येल शेतस."

आप्पा खाटेवरून म्हणाले, "बिट्टू, तिले सांग, च्या ठेव म्हना."

मी खाली बसून बिट्टूला तपासलं. तब्येत उत्तम होती. मग विचारलं, त्रास होत असेल तर घेऊन जाऊ का?

"ऱ्हाऊ द्या त्याले," दोघं एकदम म्हणाले.

माई आत गेल्या. बिट्टू खारीच्या मागे अंगणाबाहेर पळाला. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला.

"शुगरनी गोळी लिधी ना तुम्ही?"

आप्पांनी दाराबाहेर बघितलं. बिट्टू कुठेच दिसत नव्हता.

"लिधी," ते म्हणाले.