गजवाला आन सुमनचं मशीन

घरात पाय टाकला की तो आधी खिडकीचा लोखंडी गज धरायचा. रामराम मागून. पहिल्यांदा आला तव्हा मला वाटलं, याला चक्कर आली. मी पान्याचा तांब्या घेऊन पळाले. तो गज धरून नुसता हसून राह्यला. म्हनला, "मावशी, मला काई झालं न्हाई. मानसाच्या अंगात बारीक करंट ऱ्हातो. तो गजात सोडून देतो, न्हाईतर मशीनला चावंल."

मी म्हनले, "आन आमच्या घराला चावला तर?"

"घराला काई व्हत न्हाई. घर लई सोसतं."

तव्हापासून गल्लीत त्याचं नाव गजवाला पडलं. खऱ्या नावानं त्याला कोनी हाकच मारली न्हाई.

आम्ही मूळचे हसनाबादकडले. मालक गेल्यावर मी अंकुशनगरकडं ऊस तोडायला जात व्हते. मंग भोकरदनला येऊन दोन खोल्या धरल्या, शेळ्या पाळल्या. ते सगळं सांगत बसत न्हाई. एकच पोरगी, सुमन. बारावी झाली तशी लगीन लावून दिलं. तिकडं तिला मारायचे. एक दिवस ती हातात पिशवी घेऊन दारात आली. मी काई इचारलं न्हाई. भाकर वाढली.

गावात कंप्यूटरचा एक क्लास व्हता, तिथं सुमन जायला लागली. गजवाला तिथला शिकवनारा. क्लास चालला न्हाई, बंद पडला. तिथलं एक जुनं मशीन सुमननं घरी आनलं आन छापखान्यासाठी लग्नाच्या पत्रिका जुळवू लागली. आमचं बरं चाललं व्हतं. मंग पावसाळा सरता सरता छापखान्यावाल्यानं सांगितलं, "सुमनबाई, आता नवीन नक्षीचं प्रोग्राम आलं. गिऱ्हाईक त्याच्यातलीच पत्रिका मागतं. दिवाळीपस्तोर तुमच्या मशीनवर ते चाललं तर काम तुमचं, न्हाईतर मला जालन्याला द्यावं लागंल." सुमननं ते प्रोग्राम घातलं. मशीन जे गपगार झालं, ते वायर उपटून पुन्हा लावली तव्हाच हाललं.

माझे धाकटे दीर शेजारीच ऱ्हातात. सगळे त्याहिला तात्या म्हनतात. मानूस वाईट न्हाई, पन चार लोकांत बसनारा. त्याहिनी ऐकलं आन उठून आले. "वहिनी, दिवाळी झाली की मी सवता पोरीला नांदायला घालून येतो. लोक मला इचारून राह्यले. हे डबडं द्या भंगारात." सुमन भिंतीकडं बघत व्हती. म्या म्हनलं, "भाऊजी, दिवाळी तं येऊ द्या." दुसरं काय म्हननार?

सुमननं गजवाल्याला निरोप धाडला. तो आला, गज धरला, मशीन उघडलं, टार्च लावून आत बघितलं. "मशीन म्हातारं न्हाई झालं, मावशी. उपाशी हाय."

त्याची बोलायची रीतच तशी. समोर जे दिसंल ते घेऊन समजावायचा. मी भाकरी थापत व्हते. माझ्या काठवटीवर बोट ठेवून म्हनला, "ही काठवट वाटीएवढी असती तं? कनगी भरून जवारी हाय, पन पीठ मळायला जागाच न्हाई. तसं झालंय. याला मोठी काठवट पायजे. तिला मेमरी म्हनतात."

"मंग नवीनच घ्या की," दारातून शोभा बोलली. शोभा सुमनची मैत्रीन, इष्ट्यांडाजवळ तिचा फोनचा बूथ.

"तू दे पैशे, घेतो."

"माझ्याकडं पैशे असते तं मी दिवसभर लोकायची भांडनं ऐकत बसले असते का?"

मंग मिक्सर, रेडू दुरुस्त करनारा रज्जाक आला. तिघं मिळून सुमनभवती बसले आन बेत करू लागले. शोभाच्या बूथातलं बिलाचं कंप्यूटर मरून पडलं व्हतं. त्याच्यातली डिस्क काढायची, म्हंजे मोठी कनगी झाली. मशीन गार ठेवायचा आतला पंखा रज्जाक देनार. मेमरी तेवढी इकत. रज्जाक म्हनला, "पंखा फुकट न्हाई हां आपा. मावशीच्या हातचा ठेचा लागतो."

"ठेचा घे, पन पंखा फिरनारा आन," सुमन म्हनली. लई दिवसांनी पोरगी हसली. म्या काठवटीत मान घातली. मेमरीसाठी मी एक बोकड इकला.

गजवाल्याचा एक वाईट नाद व्हता. इस्क्रू काढला की हाताला लागंल त्या भांड्यात ठेवायचा. पळीत, वाटीत, मिठाच्या बरनीच्या झाकनात. एकदा रज्जाकच्या दाताखाली डाळीतून इस्क्रू आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गजवाल्यानं तो बोटात धरून बघितला, बराबर पुसला, म्हनला, "हाच हुडकून राह्यलो व्हतो कवापासून." आन पुढं जेवू लागला.

मेमरी आनायला तो औरंगाबादला गेला. परत आला तं एस्टीत उभं ऱ्हाऊन पाय सुजले व्हते, जागा भेटली न्हाई. पन पिशवी छातीला धरून. म्हनला, "गर्दीत कोनाचं कोपर लागंल म्हनून हालूच दिली न्हाई." आन सगळं जोडायचा दिवस ठरला खंडेनवमीचा, दसऱ्याच्या आदला.

त्या दिवशी आमच्याकडं घरातलं सगळं हत्यार धुवून पुजतात. तात्या आमच्या बी घरचं पुजायला येतात, मालक गेल्यापासून त्याहिचाच मान. पाटावर इळा, कुऱ्हाड, माझा उसाचा कोयता मांडला. गजवाल्यानं डिस्क, पंखा बसवला, मेमरी काढून ताटलीत ठेवली आन चहाला ओट्यावर गेला. तात्या हातात हळदी-कुंकू कालवून आत आले. घरात हत्यार बिगर पुजेचं ठेवायचं न्हाई, मंग ते आवडीचं असो का नावडीचं. त्याहिनी कोयत्याला बोटं लावली, कुऱ्हाडीला लावली, आन ताटलीतल्या मेमरीला बी लावली. तिचे सोनेरी दात चांगले लाल-पिवळे करून टाकले. कोनाचं ध्यान न्हवतं. गजवाला घाईत आला, गज धरला, मेमरी दाबून बसवली, बटन दाबलं.

मशीन बोंबलायला लागलं. टूं, टूं, टूं. समोर काळं.

सुमननं पदर तोंडाला लावला. तात्या म्हनले, "म्हनलं न्हवतं मी?"

गजवाल्यानं वायर काढली, मेमरी उपसून उजेडात धरली. शोभा वरडली, "तात्या! तुम्ही मेमरीला टिळा लावला?"

तात्या गडबडले. "मंग? खंडेनवमी हाय. हत्यार म्हनून लावला."

आता मारामारी व्हती का काय, असं मला वाटलं. गजवाल्यानं मेमरी खाली घेतली, तात्याकडं बघितलं. "तात्या, तुम्ही याला हत्यार म्हनलं. डबडं न्हाई म्हनलं."

तात्या आपल्या कुंकवाच्या बोटांकडं बघू लागले.

मंग गजवाल्यानं सुमनला खोडरबर मागितलं. आधी कोरड्या फडक्यानं पुसलं, उन्हात धरलं, मंग एकेक दात खोडरबरानं घासला, बाळाचं नाक पुसावं तसं हळू. "पूजा पोचली, तात्या. पन खाचंत कुंकू गेलं व्हतं." पुन्हा बसवली. बटन सुमनला दाबायला लावलं. पंखा फिरला, समोर उजेड आला. नवीन प्रोग्राम उघडलं आन त्याच्यातला गनपती सर्रकन समोर आला. तात्याला नारळ फोडायचा व्हता. गजवाल्यानं त्याहिचा हात धरून पार उंबऱ्याभाईर नेलं. "इथं फोडा. पान्याचा एक थेंब बी आत नको, बिलकुल."

काम सुमनकडंच राह्यलं. तुळशीचं लगीन झालं आन आमच्या दारात चपलांचा ढीग पडू लागला. त्याच सराईत तिच्या सासरचे दोघं जन आले, पोरीला घेऊन जायचं म्हनून. मी चहा ठेवला. तात्या ओट्यावरच बसलेले. त्याहिनी पावन्याला आत बी येऊ दिलं न्हाई. म्हनले, "तिला येळ न्हाई. सराई हाय." ते गेले ते गेले. पुन्हा आले न्हाईत, आन तात्यानं बी तो इषय कव्हा काढला न्हाई.

गजवाला पुढं पुन्याला नोकरीला लागला. जायच्या आधी त्याचं लगीन ठरलं. पत्रिका अर्थातच सुमनकडं. त्याला आई न्हवती, लहानपनीच गेल्ती, हे मला तव्हा कळलं. दोघं मशीनम्होरं बसून काय काय कुजबुज करत व्हते. मला वाचायला जड जातं, म्हनून म्या काई इचारलं न्हाई. छापून आल्यावर सुमननं माझं बोट धरून खालच्या वळीवर ठेवलं. जिथं घरचे वडीलधारे बोलावनारे लिहितात ना, तिथं सगळ्यात आधी माझं नाव व्हतं.

मी आन तात्या लग्नाला गेलो. पुढं तो पुन्यातच राह्यला, पुन्हा भेट न्हाई. पन त्या दिवशी मला मांडवात पुढं नेऊन बसवलं. नवरीकडल्या एका बाईनं इचारलं, "तुम्ही नवरदेवाच्या कोन?"

म्या म्हनलं, "पत्रिकेत बघा."