मैदानात पेन्सिल, घरी शाई

सेक्रेटरींना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. दूधवाला सेक्रेटरी म्हणायचा, शेजारी सेक्रेटरी म्हणायचे. बायको 'अहो' म्हणायची, पण शेजारणीशी बोलताना तिच्याही तोंडून 'आमचे सेक्रेटरी' असंच निघायचं. मग ओघाने तिलाही सगळे सेक्रेटरीणबाई म्हणायला लागले. नोकरी त्यांनी वजनमापं खात्यात केली, दुकानदारांचे काटे तपासण्यात पस्तीस वर्षं घालवली, पण ते आता कुणाला आठवतही नाही. विभागीय हौशी बेसबॉल संघटनेचे सेक्रेटरी, सव्वीस वर्षं, बिनपगारी, एवढीच त्यांची ओळख.

आणि गंमत बघा, हा माणूस आयुष्यात एकही सामना खेळला नव्हता. अठराव्या वर्षी हौसेने मैदानावर गेला, पण चष्म्याच्या काचा अशा जाड की बघणाऱ्यालाच घेरी यावी. तीन चेंडू टाकले, तिन्ही वेळा बॅट हवेत फिरली. तेव्हाच्या कप्तानाने बॅट काढून घेतली, हातात स्कोअरची वही दिली आणि म्हणाला, "तुझं अक्षर बरं असेल. तू लिही." सगळे हसले. तोही हसला, आणि तेव्हापासून लिहीतच राहिला.

वहीचा त्यांचा एक ठरलेला रिवाज होता. मैदानात पेन्सिलीने लिहायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी, खिडकीशी टेबल ओढून, एकेक खूण शाईने पक्की करायची आणि खाली कार्बन घालून नक्कल काढायची. शाई लागली की विषय संपला. मग कप्तान येवो, अंपायर येवो, साक्षात अध्यक्ष येवोत, काडीचा बदल व्हायचा नाही.

बेसबॉलमध्ये बॅटर पहिल्या बेसवर सुखरूप पोचला, की लिहिणाऱ्याला ठरवावं लागतं: हा त्याच्या फटक्याचा गुण, की समोरच्याने चेंडू सोडला म्हणून लागलेला मटका? गुण असेल तर 'हिट', नसेल तर 'चूक'. बेसवर तो दोन्हीकडून पोचतोच, पण त्याच्या नावापुढे जमा होते ती फक्त हिट. सेक्रेटरी हिट द्यायला महाकंजूष. एका पोराची होणारी बायको सामना बघायला आली होती, पोराने बिचाऱ्याने वर्षातून एकदा चेंडूला बॅट लावली, आणि यांनी लिहिलं, चूक. पोरगा हातापाया पडला. यांचं एकच, जे झालं तेच लिहिणार. लोक त्यांच्या नावाने बोटं मोडायचे, पण वही खोटी आहे असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

सेक्रेटरीणबाई प्रत्येक सामन्याला यायच्या. घडीची खुर्ची, चहाचा थर्मास, आणि नवऱ्याच्या खांद्यावरून वहीत नजर. सव्वीस वर्षांत त्या सगळ्या खुणा शिकल्या. कधीकधी सेक्रेटरी पेन्सिल टेकवायच्या आधीच त्या पुटपुटायच्या, "चूक." आणि बरोबर असायच्या. पण वहीला हात लावायची सोय नव्हती. एकदा वाऱ्याने पान उलटलं म्हणून त्यांनी बोट ठेवलं, तर सेक्रेटरी म्हणाले, "राहू दे, मी बघतो." त्यांनी बोट काढून घेतलं आणि पुन्हा कधी ठेवलं नाही.

तर त्या वर्षाची सुरुवातच महासंघाच्या पत्राने झाली. ज्या विभागात आठ संघ नोंदवलेले नसतील, आणि त्या आठांनी आपले सगळे सामने पूर्ण केलेले नसतील, तो विभाग शेजारच्या विभागात विलीन. नोंदणीच्या अर्जांची मुदत संपत आली तेव्हा सेक्रेटरींच्या टेबलावर सात अर्ज होते. त्यांनी ते चार वेळा मोजले. सातच.

जॉइंट सेक्रेटरी होता त्यांचा मेहुणा, सेक्रेटरीणबाईंचा धाकटा भाऊ. त्याला संघटनेत आणलं सेक्रेटरींनीच, बायकोच्या शब्दाखातर. काम काय, तर सामन्यांच्या नकला फायलीत लावायच्या. तेवढ्यात त्याच्या नाकी नऊ यायचे. पत्र वाचून तो फारच समजूतदारपणे बोलायला लागला. शेजारचा विभाग मोठा आहे, त्यांचं मैदान चांगलं आहे, आपण किती दिवस हा गाडा ओढायचा, भावोजींनी आता आराम करावा. सेक्रेटरींनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि चपला घातल्या.

ते गेले थेट टायरवाल्याकडे. आता टायरवाल्याकडे जायला तोंड लागतं, आणि ते सेक्रेटरींकडे नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी टायरवाल्याचा संघ उपांत्य सामना जिंकला होता. त्या दिवशी त्यांचा एक खेळाडू आला नाही म्हणून संघाचा व्यवस्थापकच, म्हणजे टायरवाला स्वतः, बॅट घेऊन उभा राहिला होता. सेक्रेटरींनी त्याच महिन्यात नियम करून घेतला होता: संघटनेचा पदाधिकारी किंवा संघाचा व्यवस्थापक खेळला, तर तो सामना त्या संघाने सोडला असं समजावं, आणि निकाल नऊ-शून्य लिहावा. सोडलेल्या सामन्याचा निकाल बेसबॉलमध्ये नऊ-शून्यच लिहितात. नियमाची शाई वाळली नव्हती आणि त्याचा पहिला बळी टायरवाला. संघ विस्कटला तो विस्कटलाच.

दुकानात टायरवाला ट्यूब पाण्याच्या टोपात बुडवून बुडबुडे शोधत होता. सेक्रेटरी उभेच. त्याने बुडबुडा सापडेपर्यंत मान वर केली नाही. मग हात पुसत विचारलं की नियमात काही बदल झालाय का. सेक्रेटरी म्हणाले, नाही झालेला. तो हसला, "नव्हे, सहज विचारलं," आणि अर्ज ओढून घेतला. जुनी पोरं गोळा करीन म्हणाला. का, ते त्याने सांगितलं नाही. खेळ सुटला तरी त्याची चटक सुटत नाही, एवढंच कारण असावं.

आठवा संघ म्हणजे नुसती थट्टा होती. पोटं सुटलेली, गुडघे दुखणारी, एकजण तर दोन इनिंगच्या मध्ये बूट काढून बसायचा. चौदा सामने, त्यातले पहिले तेरा ते सणसणीत हरले. पण सेक्रेटरींना जिंकण्याशी काय करायचंय? सामना पूर्ण झाला पाहिजे, नऊ माणसं मैदानात उभी राहिली पाहिजेत. प्रत्येक शनिवारी ते फोन फिरवायचे. कुणाच्या सासूला दवाखान्यात न्यायचं असलं की आधी सासूची चौकशी, मग हळूच सामन्याची. सकाळी सहाला जाऊन स्वतः चुन्याच्या रेघा ओढायचे, बेस ठोकायचे. एकसष्टाव्या वर्षी माणूस असा राबत होता की बघणाऱ्याला चीड यावी. कुणासाठी? संघटना बुडाली असती तर गावातल्या चार माणसांनी वर मान करून बघितलं नसतं. पण सेक्रेटरींना संघटना वगळली तर आपण कोण, हे ठाऊकच नव्हतं.

चौदाव्या सामन्याला आठच माणसं आली.

टायरवाल्याचा भाऊ तापाने फणफणला होता आणि बाकी कुणी फोन उचलत नव्हतं. अंपायर घड्याळ बघत होता. समोरचा संघ कधीचा तयार होता. टायरवाला सेक्रेटरींना बाजूला घेऊन म्हणाला, "माझ्या भावाचं नाव यादीत आहेच. त्याच्या नावावर तुम्ही उभे राहा. कोण बघतंय?"

समोरच्या संघाने कधीच हरकत घेतली नसती, त्यांना सामना आटपून घरी जायचं होतं. सेक्रेटरींनी वहीतल्या रिकाम्या नवव्या ओळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "खोटं नाव मी लिहिणार नाही."

"मग स्वतःच्या नावाने उभे राहिलात तर आपला सामना गेला. तुमचाच नियम आहे."

"ते मी बघतो माझं."

सामना सुरू होईपर्यंत यादीत नवं नाव घालता येतं, त्यावर सेक्रेटरींची सही लागते. सेक्रेटरींनी नवव्या जागी स्वतःचं नाव लिहिलं आणि स्वतःच सही ठोकली. टायरवाल्याने कपाळावर हात मारला. सेक्रेटरींचा हिशेब साधा होता: नक्कल जाते कुणाकडे, तर मेहुण्याकडे. घरचाच माणूस. मग त्यांनी वही आणि पेन्सिल बायकोच्या मांडीवर ठेवली आणि उसना हातमोजा घालून पार उजव्या टोकाला जाऊन उभे राहिले, जिथे चेंडू सहसा येत नाही.

सेक्रेटरीणबाई आधी वहीला हातच लावेनात. मग पहिला बॅटर बाद झाला, आणि त्यांनी पदर खोचून पेन्सिल उचलली. त्यांचं अक्षर बारीक आणि सरळ होतं. एकही खूण चुकली नाही.

सेक्रेटरी दोनदा बाद झाले, दोन्ही वेळा बॅट हवेत. तिसऱ्या खेपेला चेंडू बॅटला लागला. लागला म्हणजे काय, बॅटवर येऊन आपटला, आणि टप्पे खात निघाला दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या पोराकडे. अगदी हातात. शेंबड्या पोरानेही उचलून फेकला असता. याच्या हातून तो निसटला, पुन्हा उचलताना पुन्हा निसटला, आणि तोवर सेक्रेटरी चष्मा सावरत, धापा टाकत, पहिल्या बेसवर पोचले. बेसवर दोन्ही पाय जुळवून उभे राहिले आणि इकडेतिकडे बघायला लागले. टायरवाल्याची माणसं टाळ्या वाजवत होती. सेक्रेटरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत, त्यांच्या हातात वही होती. त्यांनी लिहिलं, चूक.

सामना एकोणीस-दोनने गेला, पण पूर्ण झाला. आठ संघ, सगळे सामने पुरे. दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरींनी खिडकीशी टेबल ओढलं, शाईचं पेन काढलं, कार्बन घातला. त्या दिवशी त्यांना एका पानाला दीड तास लागला. सेक्रेटरीणबाई चहा ठेवायला आल्या तेव्हा टेबलावर खोडरबराचा भुसा पडला होता. त्यांनी तो फडक्याने पुसून घेतला.

वार्षिक सभा महिन्याभराने, शाळेच्या एका वर्गात झाली. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसली होती, महासंघाचा निरीक्षक मास्तरांच्या खुर्चीत. सेक्रेटरींनी अहवाल वाचला. आठ संघ हे शब्द त्यांनी जरा थांबून वाचले. मग मेहुणा उठला. त्याने फायलीतून चौदाव्या सामन्याची नक्कल काढली, आणि ज्याला फायली लावतानाही जांभया यायच्या त्याने नियम क्रमांकासकट तोंडपाठ म्हणून दाखवला. निरीक्षकाने नक्कल पाहिली, विचारलं की हे नाव आपलंच का. सेक्रेटरी म्हणाले, माझंच.

झालं. निकाल नऊ-शून्य, सामना सोडलेला, आठवा संघ अपूर्ण, विभाग विलीन. दहा मिनिटं लागली नाहीत. टायरवाला मागच्या बाकावर होता. त्याला आनंद व्हायला हवा होता, पण तो खाली बघून नखं कुरतडत राहिला. नव्या विभागाच्या उपाध्यक्षपदी कोण, ते त्याच सभेत जाहीर झालं. मेहुणा. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणारा बहिणीच्या हातचं जेवून वाढलेला.

गावात मात्र सेक्रेटरींचं नाव झालं. बघा, माणूस बुडाला पण खोटं नाव लिहिलं नाही. शेजारी तसं म्हणायचे, दूधवाला तसं म्हणायचा, आणि सेक्रेटरी मान हलवायचे. दुसरं काही उरलं नव्हतं, तेवढा मान ते दोन्ही हातांनी घट्ट धरून होते.

सभेनंतर महिन्याभराने मेहुणा वह्या न्यायला आला. सव्वीस वह्या, महासंघाच्या हुकमाने आता नव्या कार्यालयात. सेक्रेटरींनी त्या दोन खोक्यांत भरून ठेवल्या होत्या. शेवटची वही वरच होती. मेहुण्याने ती उघडून चौदाव्या सामन्याच्या पानावर लाल पेनने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली, सोडलेल्या सामन्याच्या पानावर मारतात तशी. मग त्यालाच कसंतरी वाटलं असावं.

"भावोजी," तो म्हणाला, "दुसरं कुणाचंही नाव टाकलं असतंत, तर मला काही करता आलं नसतं."

"खोटं लिहायची मला सवय नाही," सेक्रेटरी म्हणाले. हे वाक्य त्या महिन्याभरात त्यांनी बऱ्याच लोकांना ऐकवलं होतं.

सेक्रेटरीणबाई दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, वही हातात घेतली आणि लाल रेघेखालच्या नवव्या ओळीवर बोट ठेवलं. या वेळी बोट काढलं नाही.

"मी इथे चूक लिहिली होती," त्या म्हणाल्या. "हिट कुणी केली?"

मेहुणा वाकून पानाकडे बघायला लागला. सेक्रेटरींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. त्यांना कारण सांगायचं होतं. टायरवाल्याच्या भावाच्या नावावर उभं राहिलं असतं तर संघटना वाचली असती, हे त्यांना मैदानातच कळत होतं. पण मग वहीत आपलं नाव आलं नसतं. आणि नाव आल्यावर त्याच्यापुढे नुसती चूक बघवली नसती.

"एकदाच गं," ते म्हणाले. "सव्वीस वर्षांत एकदाच."

"मीही त्या वहीत सव्वीस वर्षांत एकदाच लिहिलं होतं," सेक्रेटरीणबाई म्हणाल्या. "आणि बरोबर लिहिलं होतं."

त्यांनी वही मिटून खोक्यात ठेवली आणि भावाला म्हणाल्या, "जा घेऊन." त्याने एक खोकं उचललं, मग परत येऊन दुसरं नेलं. सेक्रेटरी खिडकीशी बसून होते. टेबल पुसायचं होतं, पण त्या दिवशी ते कुणी पुसलं नाही.