स्वभावाचा कॉलम

बेंगळूरच्या राजाजीनगरातल्या घरात सून म्हणून आल्यावर पहिल्याच आठवड्यात भाग्यलक्ष्मीनं एक चूक केली होती. टोपलीतल्या भाकऱ्या मोजल्या, तेही मोठ्यानं. सासूबाई गंगव्वा चटका बसल्यासारख्या उठल्या आणि टोपलीवर फडकं टाकून म्हणाल्या, "आमच्यात भाकरी मोजत नाहीत. खाणाऱ्याला दृष्ट लागतीय."

"मग पीठ किती काढायचं, आत्ती?"

"दारातल्या चपला बघायच्या की."

चपला बघून भाकऱ्या थापायची गंगव्वाची ही पद्धत सहसा चुकत नसे. एकदाच चुकली. शेजारच्या बारशाला आलेल्या बायकांनी गर्दीमुळे यांच्या दारात चपला काढल्या आणि घरानं दोन दिवस शिळ्या भाकरीचा कुस्करा खाल्ला.

पुढं वीस-बावीस वर्षांनी मारतहळ्ळीच्या एका काचेच्या इमारतीत बसून भाग्यलक्ष्मी पुण्याहून आलेल्या पोरासोरांना डेटाबेस समजावून सांगायची, तेव्हा हीच चपलांची गोष्ट सांगायची. पोरं हसायची, पण त्यांना समजायचं.

मूळची ती निपाणीकडची. दूध घरपोच देणाऱ्या या कंपनीत लागली ती फोन उचलायला. "दूध आलं नाही", "दूध आलं पण फाटलं", "फाटलं नाही पण फाटेलसं वाटतंय", हे सगळं कन्नडमध्ये, मराठीत आणि गरज पडली तर हिंदीत ऐकून घ्यायची तिची ताकद बघून मालक गुरुप्रसाद यांनी तिला गिऱ्हाइकांच्या नोंदींवर बसवलं. वह्या गेल्या, मग एक्सेल गेलं, आणि सहा वर्षांपूर्वी हा नवा डेटाबेस आला. शिकवायला आलेला तज्ज्ञ तीन दिवस इंग्रजीत बोलला. भाग्यलक्ष्मीनं त्यातलं कामाचं तेवढं उचललं. सगळ्या नोंदी एका मशीनवर नसतात, सात मशीनवर पांगलेल्या असतात. प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती तीन ठिकाणी असतात, म्हणजे एक मशीन आजारी पडलं तरी दूध थांबत नाही. आणि एकूण नोंदी किती, हे यातल्या कुठल्याच मशीनला नेमकं ठाऊक नसतं. नेमकं हवं असेल तर सातही मशीनना सगळं काम सोडून एकेक नोंद वाचत बसावं लागतं. नाहीतर अंदाज मिळतो. सोडून गेलेल्या गिऱ्हाइकाची नोंदसुद्धा लगेच पुसली जात नाही, तिच्यावर नुसती 'गेला' अशी खूण बसते. अंदाजात असे गेलेलेही धरले जातात.

"म्हणजे शेजारच्या बारशाच्या चपला," भाग्यलक्ष्मी म्हणायची.

कॉलमचं प्रकरण तर तिला फारच आवडलं. एक्सेलमध्ये एका गिऱ्हाइकासाठी कॉलम काढला की तो सगळ्यांच्या बोकांडी बसायचा. इथं कॉलमांची घराणी तेवढी आधी ठरवून द्यायची: एक पत्त्याचं, एक दुधाचं, एक सूचनांचं. त्यानंतर घराण्यात कोण जन्माला येतंय, याची नोंद कुणी ठेवत नव्हतं. ज्याला हवा त्यानं हवा तो कॉलम काढावा, ज्या गिऱ्हाइकाला लागू त्याच्याच नोंदीत तो राहतो, बाकीच्यांना पत्ताही नसतो. कुठले कुठले कॉलम आहेत याची यादीच नाही. यादी पाहिजे असेल तर पुन्हा तेच, सगळ्या नोंदी वाचा.

आणि भाग्यलक्ष्मीनं सहा वर्षांत एकदाही कुणाला सगळ्या नोंदी वाचू दिल्या नव्हत्या.

"मशीनवर ताण येतंय," ती सांगायची. "उद्याच्या ऑर्डरी अडकल्या तर बेंगळूरला काळा चहा पाजायचा काय?"

हे खरंच होतं. पण पूर्ण खरं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी राजाजीनगरचा सुपरवायझर मंजुनाथ तिच्याकडं तोंड पाडून आला होता. मालकांच्या स्वतःच्या घरी चार पिशव्या जायच्या आणि रोज सकाळी साडेसहाला मालकांचा फोन यायचा की तीनच आल्या. त्यापायी दोन माणसं त्या लाइनवरून काढली होती. आता तिसऱ्याची पाळी होती.

"अक्का, चारच ठेवतोय आम्ही," मंजुनाथ म्हणाला. "मी स्वतः उभारून बघितलो. मॅडमच एक उचलून मागच्या गल्लीत नेतात. साहेबांच्या थोरल्या वहिनीकडं."

मालकांचं आणि थोरल्या भावाचं एका भिंतीवरून अकरा वर्षं बोलणं बंद होतं, हे सगळ्या कंपनीला ठाऊक होतं. जावाजावांचं चालू आहे, हे फक्त दूधवाल्याला ठाऊक होतं. मालकांना सांगावं तर मालकीण धनलक्ष्मी मॅडमच्या संसारात काडी, न सांगावं तर गरिबाची नोकरी. भाग्यलक्ष्मीनं थोडा विचार केला, मालकांची नोंद उघडली आणि सूचनांच्या घराण्यात एक नवा कॉलम जन्माला घातला. नाव ठेवलं 'स्वभाव'. शब्द कन्नडलाही चालतो, मराठीलाही. खाली कन्नडमध्ये लिहिलं ते असं: मॅडम सहाच्या आत एक पिशवी थोरल्या जावेला देतात. साहेब कमी आली म्हणतील. वाद घालू नये, 'सरी' म्हणजे बरं म्हणावं. माणूस बदलू नये.

फोनवरच्या बायकांनी ते वाचलं आणि तसं वागल्या. मालकांना रोज "सरी सर, बघतो" ऐकू येऊ लागलं, त्यांचं समाधान झालं, आणि तिसऱ्या माणसाची नोकरी टिकली. कॉलम मात्र तिथंच थांबला नाही. बाकीच्यांनाही तो सोयीचा वाटला. 'नवऱ्याला दही सांगू नये, बायकोला विचारावं.' 'दूध पातळ म्हणतात, स्वतः पाणी घालतात.' 'आजोबांशी थोडं बोलत बसावं, मग तक्रार विसरतात.' त्यातल्या बऱ्याच नोंदी भाग्यलक्ष्मीच्या हातच्या होत्या, हे काही ती नाकारणार नव्हती. दुपारी डबा खाताना एखाद-दुसरी लिहिली की जेवण अंगी लागायचं.

आणि आता अभिजीत आला होता. वय एकोणतीस, गाव पुणे, हुद्दा मॅनेजर. अंदाजाचा आकडा लाखाच्या पुढं गेला तसं मालकांनी लाख गिऱ्हाइकांचा समारंभ ठरवला, केक सांगितला, आणि अभिजीतच्या डोक्यात नेमका आकडा शिरला.

"भाग्या मॅडम, आज आपण फुल काउंट करतोय," तो सकाळी म्हणाला. "आणि सोबत कॉलमची लिस्ट पण. कोणी कुठले कॉलम डिफाइन केलेत, काही डॉक्युमेंटेशनच नाहीये."

"मशीनवर ताण येतंय हो."

"नाही येणार. मी चालू टेबलला हातच लावत नाहीये. काल एक कॉपी काढून ठेवलीय वेगळ्या मशीनवर. तिच्यावर चालवतो."

सहा वर्षांचं कारण त्यानं एका वाक्यात निकालात काढलं होतं. जागेवर येऊन तिनं मालकांची नोंद उघडली आणि 'स्वभाव' पुसला. मग लक्षात आलं, पुसून काय उपयोग, प्रत कालची आहे. कालच्या प्रतीत मालकांचा स्वभाव जसाच्या तसा बसला होता.

तीन वाजता मालकांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. आत तिघंच: मालक, अभिजीत आणि ती. भिंतीवरच्या पडद्यावर अभिजीतचा लॅपटॉप लावला होता. बाहेर फुगे फुगवणं चालू होतं.

"सर, नेमका आकडा सत्त्याण्णव हजार दोनशे सोळा," अभिजीत हिंदीत म्हणाला. "बाकीचे सोडून गेलेले आहेत."

मालकांचा चेहरा पडला. "केकवर एक लाख लिहून झालंय."

"आणि हे कॉलम बघा सर. एकट्या सूचनांमध्ये सहाशे अडतीस." त्यानं यादी सरकवली. 'कुत्रा'. 'नायी'. 'डॉग'. 'कुत्रा चावतो'. 'कुत्रा दोन'. 'कुत्रा वारला'. 'बेल नको'. 'बेल नको बाळ'. 'बेल चालेल बाळ मोठं झालं'.

मालकांना हसू यायला लागलं. भाग्यलक्ष्मीला येईना. यादी खाली खाली सरकत होती.

"आणि हा सगळ्यात मोठा. 'स्वभाव'. दोन हजारांवर नोंदी आहेत. कोणी काढला, कशाला काढला, माहीत नाही. बहुतेक कन्नडमध्ये आहे, मला वाचता येत नाही."

"स्वभाव?" मालक खुर्चीत पुढं सरकले. "माझा आहे काय? बघू."

अभिजीतनं त्यांचा फोन नंबर टाइप केला. पडद्यावर तीन ओळी उमटल्या, हातभर मोठ्या.

मालक वाचू लागले. एकदा वाचलं. चष्मा काढून, पुसून, पुन्हा वाचलं. भाग्यलक्ष्मी त्यांच्या मानेकडं बघत राहिली. नोकरी जाणार हे तिनं धरलंच होतं. तिला काळजी धनलक्ष्मी मॅडमची होती. बिचारी सकाळी सहाच्या आत स्वेटर घालून मागच्या गल्लीत जाते, तेवढंच त्या दोन घरांमध्ये जिवंत राहिलं होतं. ते आपल्यामुळं भिंतीवर आलं.

"काय लिहिलंय, मॅडम?" अभिजीतनं विचारलं.

भाग्यलक्ष्मी मागं-पुढं न बघता म्हणाली, "साहेबांचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, असं लिहिलंय."

मालकांचं घर दोन मजली होतं, तिसरा मजलाच नव्हता.

मालकांनी चष्मा घातला. "हौदु, बरोबर," ते सावकाश म्हणाले. "तिसरा मजला. त्रास होतो माणसांना."

"मग हे स्वभावमध्ये का? पत्त्यात पाहिजे ना. आपण असं करू या सर, हे सगळे फालतू कॉलम काढून टाकू."

"नको," मालक म्हणाले. "कुत्र्यांचे एक करा. हा राहू दे. अभिजीत, तुम्ही जरा केकचं बघा."

तो गेला. मालक पडद्याकडंच बघत होते.

"कुणी लिहिलं?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

"मी लिहिले, सर."

"किती वर्षं झाली?"

"लिहून चार. देणं त्याच्या आधीपासनं असंल."

"दोन माणसं काढली मी त्या लाइनवरून."

"तिसरा काढू नये म्हणूनच लिहिले, सर."

मालकांनी टेबलावरचा पेपरवेट बाजूला सरकवला. मग म्हणाले, "त्या दोघांना मंजुनाथकडून बोलवून घ्या. काम असेल तर द्या." आणि पुढं, "वहिनींना चहा घट्ट लागतो. त्यांचं एका पिशवीत कसं भागतं?"

"ते माझ्याकडं नाही लिहिलेलं, सर."

"आणि मॅडमला यातलं काही कळता कामा नये. मला कळलंय, हे तिला कळलं तर ती देणं बंद करेल. तिचा स्वभाव मला माहीत आहे, त्याला कॉलम नको."

चार वाजता केक कापला. भाग्यलक्ष्मीनं खालच्या बेकरीवाल्याला बोलावून एक लाखाच्या आधी चॉकलेटनं 'सुमारु' लिहून घेतलं होतं. म्हणजे सुमारे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अभिजीत तेवढा खट्टू होता. "मॅडम, नेमका आकडा असताना अंदाज का लिहायचा?"

"खावा की हो केक," ती म्हणाली. "तुकडे मोजू नका म्हणजे झालं."

संध्याकाळी घरी येऊन तिनं चपला काढल्या, दारातल्या बाकीच्यांवर नजर टाकली आणि पीठ काढायला बसली. गंगव्वानं विचारलं, "आज उशीर केलीस?"

"नोकरी जाणार होती, आत्ती. राहिली."

"मग एक वाटी जास्त काढ पीठ."

दुसऱ्या दिवशी तिनं मालकांची नोंद उघडली. रात्रीतून कुणीतरी ऑर्डर बदलली होती, चारच्या पाच झाल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मालकांचा फोन थेट तिच्याकडंच आला. मागं भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे मॅडम जवळच होत्या.

"काय चाललंय काय तुमचं?" मालक चढ्या आवाजात म्हणाले. "आजही एक कमी. तीनच आल्यात."

भाग्यलक्ष्मीनं मनात वजाबाकी केली. पाचातून तीन गेल्या, मागच्या गल्लीत आता दोन जातात.

"सरी सर," ती म्हणाली, "बघतो."

फोन ठेवून तिनं पुसलेला कॉलम पुन्हा काढला आणि त्यात नवं लिहिलं: पाच द्याव्यात. फोनवर कुणीही, मॅडमनीसुद्धा, विचारलं तर चार म्हणावं.