खोपोलीच्या खाणावळीत

पोशीरच्या जयवंताला दुसऱ्याने रांधलेलं आयतं ताट मिळायचं ते फक्त लग्नकार्यात. तिचा नवरा सहदेव आंब्याच्या झाडावरून पडला, त्याचं कमरेखालचं अंग गेलं आणि तेही बंद झालं. त्याला पंगतीत मांडी घालून बसता येईना म्हणून तो जाईना, आणि त्याला घरी टाकून ती जाईना.

एकोणऐंशीच्या दिवाळीत धाकटा दीर नामा याने टेंपो ठरवला. महडच्या गणपतीचं दर्शन घ्यायचं आणि खोपोलीला खाणावळीत जेवायचं. "दादाला बी न्यायचं," तो म्हणाला. एका संस्थेकडून मिळालेली चाकाची खुर्ची टेंपोत दोरीने बांधली. वाटेत लघवीची पंचाईत नको म्हणून सहदेव सकाळपासून पाण्याचा थेंबही प्यायला नव्हता.

खाणावळीला तीन उंच पायऱ्या. नामाने आणि टेंपोवाल्या गजाने खुर्ची उचलून वर नेली, पण दार अरुंद निघालं. चाकं चौकटीला अडली. मग दोघांनी सहदेवला हातांवर घेऊन आत नेलं आणि बाकावर बसवलं. बाकाला पाठ नव्हती. जयवंता त्याला चिकटून बसली, आपल्या खांद्याचा टेकू देऊन.

ताटं आली. वाफाळता भात, आमटी, बटाट्याची भाजी, पापड. मालकाने स्वतः येऊन भातावर तूप वाढलं. जयवंताने पहिला घास घ्यायला हात पुढे केला, तेवढ्यात तिचा खांदा हलला आणि सहदेव ताटावर कलंडला. आमटी त्याच्या धोतरावर सांडली. आजूबाजूची माणसं जेवायची थांबली.

"असू द्या, दुसरं ताट आणतो," मालक म्हणाला. माणूस भला होता.

"मला भायेर ने," सहदेव तिला हळूच म्हणाला.

बाकीच्यांची जेवणं होईपर्यंत दोघं टेंपोत बसून राहिली. नामाने पत्रावळीवर भात आणून दिला. सहदेवने दोन घास खाल्ले. जयवंताने भूक नाय म्हणून सांगितलं.

पुढल्या वर्षी नामा पुन्हा विचारायला आला. जयवंता अंगणात भात वाळत घालत होती.

"वयनी, औंदा लोणावळ्याला जायचं हाय. येनार ना तुमी?"

"नको रं. त्यांचे हाल व्हतात. तुमी जाऊन या."

सहदेव ओटीवरच होता. संध्याकाळी तिने भाकरी पुढे ठेवली, तेव्हा म्हणाला, "मला इचारायचं तरी व्हतंस."

"तुमाला जायचं व्हतं?"

"नाय म्हनलो असतो. पन मी म्हनलो असतो."

त्याला जपायला गेले आणि भलतंच झालं, एवढं जयवंताला कळलं. नामाकडे जाऊन, दादालाच इचार, असं सांगावं हे दोन दिवस तिच्या मनात होतं, पण पाय उचलला नाही. टेंपो गेला.

त्यानंतर त्यांना कुणी विचारलं नाही. ब्याऐंशीच्या श्रावणात सहदेव गेला.